घरगुती स्लेजिंगचा सराव

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०
नवी वही. पहिल्या पानावर संकल्प लिहायचा असतो, तो लिहितो. यंदाची फायनल मी जिंकून देणार. खाली दोन रेघा मारल्या.

परिस्थिती अशी आहे. आमच्या पंख्यांच्या कारखान्यात दर वर्षी आंतरविभागीय टूर्नामेंट होते. क्वालिटी कंट्रोलच्या टीममध्ये मी बावीस वर्षं आहे. पन्नाशी झाली की खेळाडूचा अंपायर करायचा, असा आमच्याकडे नियम. मे महिन्यात मी पन्नास. म्हणजे १५ फेब्रुवारीची फायनल ही माझी शेवटची. आजवर चार फायनल खेळलो. चारींची बेरीज एक रन. तोही लेगबाय होता, पण स्कोअरर ओळखीचा निघाला.

टेक्निक निर्दोष आहे. घोळ मनाचा आहे. शनिवारी एचआरने 'प्रेशर' या विषयावर सेमिनार ठेवला होता. बाकीचे जेवून आले होते, झोपले. मी नोट्स काढल्या. ट्रेनर पोरसवदा, पण एक वाक्य लाखमोलाचं बोलला: ज्याची भीती वाटते त्याचा रोज थोडा थोडा डोस घ्या. घरी येताना विचार केला, मला भीती कशाची? बोलिंगची नाही. लोकांच्या टोचून बोलण्याची, क्रिकेटमध्ये ज्याला स्लेजिंग म्हणतात त्याची. गेल्या फायनलला विकेटकीपर मागून म्हणाला, काका, लेस सुटलीय. मी खाली बघितलं. बोल्ड. माझ्या बुटांना लेस नाही, वेल्क्रो आहे.

उपाय सापडला. रोज संध्याकाळी सात वाजता हॉलमध्ये बॅट घेऊन उभं राहायचं आणि पंधरा मिनिटं घरच्यांकडून बोलून घ्यायचं. चाळीस दिवसांत कातडी गेंड्याची.

६ जानेवारी, मंगळवार
हिला योजना सांगितली. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं. म्हटलं, कळायचं काही नाही, मी बॅट घेऊन आरशासमोर उभा राहीन, तू मागे सोफ्याजवळ उभी राहा आणि मनाला लागेल असं बोल. म्हणाली, कशाला उगाच.

बरंच समजावल्यावर तयार झाली. मी स्टान्स घेतला. हिने आधी हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाली, अहो, तुम्हाला खेळता येत नाही हो. आणि लगेच विचारलं, जाऊ का, दूध ठेवलंय गॅसवर.

दहापैकी दोन. एक हजेरीचा.

८ जानेवारी, गुरुवार
फ्रिजवर तक्ता लावला. तारीख, आवाज, मजकूर, टायमिंग, एकूण मार्क. रोज फीडबॅक दिल्याशिवाय माणूस सुधारत नाही. कारखान्यात पंख्याला टॅग लावतो तसंच.

आज आईलाही घेतलं. तिला खुर्ची देऊन स्लिपमध्ये बसवलं. वय अठ्ठ्याहत्तर, पण आवाज खणखणीत. मी काल्पनिक चेंडू सोडला, तर आई म्हणाली, दमलास का रे बाळा? शून्य मार्क. फलंदाजाची विचारपूस करणारी स्लिप जगात कुठे नसेल.

ही हसली. सराव गांभीर्याने घ्या म्हणून दोघींना सांगितलं.

११ जानेवारी, रविवार
पहिली मॅच, स्टोअर्स विभागाविरुद्ध. जिंकलो. माझी बॅटिंग आली नाही. पण पॅड बांधून दीड तास बसलो होतो आणि त्या दीड तासात एकदाही घाबरलो नाही. वहीत 'नाबाद' अशी नोंद करायला हरकत नाही.

कप्तान पेंट शॉपमधून बदली होऊन आलेला, म्हणून त्याला सगळे पेंटर म्हणतात. त्याला माझी पद्धत समजावली. तो म्हणाला, काकूंना नमस्कार सांगा. माणूस भावुक आहे.

१३ जानेवारी, मंगळवार
मूळ दोष सापडला. ही 'अहो' म्हणते. मैदानात कोणता कीपर अहो-जाहो करतो? हिला सांगितलं, सात ते सव्वासात मला 'तू' म्हणायचं. हिला कानांपर्यंत लाली चढली. सव्वीस वर्षांच्या संसारात कधी म्हटलं नाही म्हणाली. म्हटलं, म्हणूनच तर.

चार वेळा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी 'तू' म्हणून झाल्यावर मागून 'हो' लावते. तू मठ्ठ आहेस हो. दहापैकी चार. प्रगती आहे.

१७ जानेवारी, शनिवार
आज पहिल्यांदा टोचलं.

मी स्टान्समध्ये. ही मागून म्हणाली, दिवसभर दुसऱ्यांच्या पंख्यांचे आवाज ऐकतोस, आणि या डोक्यावरचा दोन वर्षं कुईकुई करतोय तो तुला ऐकू येत नाही. मी वर बघितलं. खरंच कुईकुई करतो. मैदानात असतो तर गेलोच होतो.

मजकूर उत्तम, विषय रोजच्या जगण्यातला. सहा मार्क. फीडबॅक दिला की 'हो' सुटलाय, अभिनंदन. पंख्याला तेल घालायचं आहे. फायनलनंतर.

२० जानेवारी, मंगळवार
आज सात वाजायच्या आधीच ही येऊन उभी. हात पुसलेले, पदर खोचलेला. मीच पाच मिनिटं उशिरा आलो तर म्हणाली, चल, हो उभा. आवडलं. खेळाडूत भूक पाहिजे.

मग सुटलीच. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी तू नेट्सला गेलास म्हणाली. मला आत नेलं तेव्हा सही करायला माणूस नव्हता, नर्सने तीनदा विचारलं, तुमचं कोणी आहे का. मी म्हटलं, येतील. तू आलास तेव्हा मी शुद्धीवर येऊन दोन तास झाले होते. आणि आल्यावर मला काय सांगितलंस, तर आज कव्हर ड्राइव्ह मस्त बसत होता.

वस्तुस्थिती अशी की नेट्स सकाळी होते आणि ऑपरेशन दुपारी ठरलेलं होतं, ते अलीकडे ओढलं ही डॉक्टरांची चूक. शिवाय मी पॅड न काढता आलो होतो, म्हणजे धावतच आलो. पण स्लेजिंगमध्ये सत्य असलंच पाहिजे असं नाही. मी ढळलो नाही. नजर सरळ आरशात, श्वास नाकाने आत, तोंडाने बाहेर.

शेवटी हिच्या डोळ्यांत पाणी आलं. अभिनयाचा एक मार्क वेगळा दिला. एकूण सात. तक्त्यात शेरा: लांबण. दोन चेंडूंमध्ये कीपरला वीस सेकंद मिळतात, तेवढ्यात बसवावं. ही तक्त्याकडे बराच वेळ बघत उभी होती. शेरा पटला असावा.

२५ जानेवारी, रविवार
सेमीफायनल, डिस्पॅच विभाग. दोन रन करून आउट. पण कसा आउट झालो हे महत्त्वाचं. त्यांचा कीपर माझ्या पोटाबद्दल काहीबाही बोलत होता आणि मला ऐकूही आलं नाही. इतका मी ऐकत नव्हतो की पार्टनरने 'नको नको' म्हटलेलंही ऐकलं नाही. रनआउट. पद्धत शंभर टक्के लागू पडतेय, फक्त कोणाचं ऐकायचं नाही ते नेमकं ठरवायला हवं.

टीम जिंकली. फायनल पक्की. समोर मोटरच्या तारा गुंडाळणारा वाइंडिंग विभाग. तोंडाने सगळ्यात घाण टीम. मला तर आनंदच झाला.

पेंटर मला बाजूला घेऊन म्हणाला, काका, फायनलला नव्या माणसाला संधी देऊ या का? मी म्हटलं, माझ्याकडे बघ, मला भीती वाटतेय असं वाटतं का? तो म्हणाला, तुम्हाला नाही, आम्हाला. विनोदी आहे.

२८ जानेवारी, बुधवार
आईने इतके दिवस स्लिपमध्ये नुसतं जपमाळ ओढल्यासारखं बसायचं काम केलं. आज अचानक तोंड उघडलं. म्हणाली, याच्या बापाचं तरी काय वेगळं होतं. मी मेले असते तरी आधी चहा मागितला असता. मग हिच्याकडे बघून म्हणाली, मी राहिले गं, तू राहू नकोस.

नऊ मार्क! इतका शांत आवाज, इतका कमी शब्दांत. ही आईच्या खुर्चीजवळ खाली बसली आणि तिचा हात धरून राहिली. टीम स्पिरिट म्हणतात ते हेच. मी आपला उरलेली सात मिनिटं शॅडो बॅटिंग करत राहिलो.

तशी मुलगी माझ्यावरच गेलीय, एकाग्र. नोकरीच्या गावी एकटी राहते. तिलाही फोनवर स्पीकर लावून घ्यावं असं सुचलं. फोन केला. योजना ऐकून ती म्हणाली, बाबा, तुम्हाला खरंच कळत नाहीये का? मी म्हटलं, वा, सुरुवात चांगली आहे, चालू ठेव. तिने फोन ठेवला. टायमिंगचा एक मार्क.

३ फेब्रुवारी, मंगळवार
एक अडचण. हिचं 'तू' आता सव्वासातला संपत नाही. जेवताना म्हणाली, तुझं तू वाढून घे. सकाळी म्हणाली, तुझा डबा तू भर. मी शांतपणे समजावलं की सरावाची वेळ ठरलेली आहे, नेट्समधला बोलर घरी येऊन चेंडू टाकत नाही. ही म्हणाली, बरं. आणि पुढेही तेच.

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. पण मी वाद घातला नाही. उलट जास्त डोस फुकट मिळतोय.

डबा भरताना झाकण कुठे असतं ते सापडलं नाही. कागद लावून नेला.

७ फेब्रुवारी, शनिवार
पंचवीस मिनिटं सराव, विक्रम. हिने आज नवा प्रकार टाकला. आरडाओरड नाही, रडणं नाही. भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, मी पोरीकडे राहायला जाणार आहे. दोन दिवसांसाठी नाही. सासूबाईही येतायत, त्यांनाही इथे करमत नाही. पुढच्या शनिवारी निघू.

एक क्षण मान मागे वळायला निघाली होती. कबूल करतो. हाच तो क्षण, ज्यात मागच्या चार फायनल गेल्या. पण या वेळी मी नजर हलवली नाही. पुढचा पाय टाकला आणि चेंडू सोडला. ऑफ स्टंपच्या इंचभर बाहेरून गेला असणार.

आठ मार्क. शेरा: धमकी क्रिकेटशी संबंधित नाही, तरी परिणामकारक. तारीख दिल्याने विश्वसनीयता वाढली.

हिने विचारलं, तुला काही बोलायचंय का? मी म्हटलं, उद्या उजव्या बाजूने बोल, डाव्या कानाला सवय झालीय.

११ फेब्रुवारी, बुधवार
ही किती मनावर घेते! आज हॉलमध्ये माळ्यावरची मोठी सुटकेस काढून ठेवली होती, उघडी. आईची औषधं, चष्म्याचं घर, हिच्या साड्या, सगळं खरं. माझ्यासमोर एकेक घडी ठेवत होती आणि बोलत होती. शनिवारी सकाळी गाडी येणार आहे. गॅसचा नंबर कॅलेंडरच्या मागे लिहिलाय. बिलांची फाइल डाव्या कप्प्यात. दूधवाल्याला अर्धा लिटर कमी सांगितलंय, तुझ्या एकट्यापुरतं.

तपशील इतके बारीक की क्षणभर मलाच खरं वाटलं. कारखान्यात मी नव्या पोरांना हेच सांगतो, काम असं करा की तपासणाऱ्याने फसावं. साडेनऊ मार्क. अर्धा मुद्दाम राखून ठेवला, नाहीतर माणूस हुरळतो.

आई म्हणाली, अरे, एकदा तरी तोंड फिरवून बघ तिच्याकडे. म्हटलं, आई, तोंड फिरवलं की बोल्ड.

आई म्हणाली, पालथ्या घड्यावर पाणी.

१४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९.४०
फायनलच्या आदल्या दिवशीचा सराव सकाळीच उरकायचा असं मी ठरवलं होतं, आणि न सांगता या दोघीही सकाळीच तयार होऊन आल्या. याला म्हणतात मनं जुळणं.

आज डोळे मिटून उभा होतो. व्हिज्युअलायझेशन. शेवटची ओव्हर, गर्दी, मी. मागून ही म्हणाली, आम्ही निघालो. मी श्वास घेतला. म्हणाली, सव्वीस वर्षं मी तुला सांगत आले, तू ऐकलं नाहीस. गेले चाळीस दिवस तू स्वतःच मला बोलायला लावलंस, तेही नाही ऐकलंस. पण मला ऐकू आलं. मी काय काय बोलतेय ते मी पहिल्यांदा ऐकलं. त्याबद्दल तुझे उपकार.

मग आईचा हात माझ्या डोक्यावरून फिरला. मग सुटकेसची चाकं. मग दार.

मी डोळे उघडले नाहीत. एक पापणी हलली नाही. सव्वानऊपर्यंत तसाच उभा. नाडी मोजली, अठ्ठ्याहत्तर. जगातला कोणताही कीपर आता मला हलवू शकत नाही.

दहापैकी दहा. तक्त्यात लाल पेनाने लिहिलं.

सायंकाळी ६.३०
अजून आल्या नाहीत. खिडकीतून बघितलं. शेजारच्या मेकॅनिकने सांगितलं की मुलगी गाडी घेऊन आली होती, खालीच बसून होती. वर का आली नाही? मग लक्षात आलं. उद्या फायनल, घरात शांतता हवी, मला डिस्टर्ब नको म्हणून हिने सगळ्यांना बाहेर नेलं. इतका विचार कोण करतं हल्ली?

जेवण केलेलं नाही. बिस्किटं आहेत. खेळाडूने हलकंच खावं.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४
झालं ते क्रमाने लिहितो.

शेवटची ओव्हर. पाच रन हवे. समोरून नववी विकेट पडली आणि मी आत. अगदी व्हिज्युअलायझेशनमध्ये होतं तसं. पेंटरने सीमारेषेवर डोक्याला हात लावला होता, ते मी आदर म्हणून घेतलं.

गार्ड घेतला. मागून काहीतरी येणार म्हणून कान तयार ठेवले. पहिला चेंडू. मागे शांतता. डॉट. वाट बघत होतो, कधी बोलतात आणि मी कधी दुर्लक्ष करतो. दुसरा चेंडू. कोणी बोलेना. डॉट. आता मला माझे हात दिसायला लागले. बॅटवर बोटं कशी धरलीयत तेच बघत बसलो. बावीस वर्षं कधी बघितली नव्हती. श्वास आत घ्यायचा की बाहेर सोडायचा, आठवेना. वाइंडिंगची टीम, तोंडाने सगळ्यात घाण टीम, आणि एक जण बोलेल तर शपथ.

बोलर रनअपच्या टोकाला जात होता. मी वळून कीपरला विचारलं, अरे, काही बोलत का नाहीस? तो म्हणाला, काय बोलू काका? आरामात खेळा. आमच्या साहेबांनी सांगितलंय, तुमच्या घरी असं झालंय, तुम्हाला आज कोणी काही बोलायचं नाही.

मी विचारलं, काय झालंय घरी?

त्याने मान खाली घातली. मी पुढे बघितलं तोवर चेंडू निघाला होता. मधला स्टंप.

चार रननी हरलो. कोणी रागावलं नाही. पेंटर पाठीवर हात ठेवून म्हणाला, जाऊ द्या काका, तुम्ही आलात हेच खूप. वाइंडिंगच्या साहेबांची बायको हिच्या ओळखीची आहे, तिला हिने आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं म्हणे. म्हणजे सगळ्या कारखान्याला माहीत होतं. विरोधी टीमला अंतर्गत माहिती पुरवणं हे नियमात बसत नाही. तक्रार करावी का, विचार करतोय.

१६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७
मुलीला फोन केला. म्हटलं, मॅच संपली, सराव थांबवला तरी चालेल, आईला सांग, परत या. ती म्हणाली, बाबा, आई तुम्हाला तीन वेळा सांगून आलीय. मी म्हटलं, हो, मला माहीत आहे, तिन्हींची नोंद आहे माझ्याकडे, मार्कांसकट. फोनवर कोणीतरी रडत होतं, ती का ही, कळलं नाही. आवाजावरून मला सहसा कळतं.

मी म्हटलं, हिला दे. बराच वेळ गेला. ही आली. म्हणाली, बोला.

पुन्हा 'तुम्ही' झालो होतो. मला एकदम भीती वाटली. हिला म्हटलं, मी शून्यावर आउट झालो. ही म्हणाली, असं का, आणि फोन मुलीकडे दिला. एवढ्या बोलण्याला किती मार्क द्यावे, ठरवता आलं नाही. रकाना रिकामा ठेवलाय.

२२ फेब्रुवारी, रविवार
पेंटर घरी आला होता. सोबत अंपायरचा पांढरा कोट. म्हणाला, मेपर्यंत कशाला थांबायचं. बाह्या लांब आहेत, पण बसतो. त्याने जाताना स्वयंपाकघरात डोकावून बघितलं आणि विचारलं, काका, जेवता ना? म्हटलं, अर्धा लिटर दूध येतं.

खचायचं नाही असं ठरवलंय. अंपायरला तर खेळाडूंपेक्षा जास्त बोलणी खावी लागतात. म्हणजे सरावात खंड पडता कामा नये.

सात वाजता कोट घालून हॉलमध्ये उभा राहिलो. बोलायला घरात कोणी नाही, म्हणून म्हटलं, आपणच बोलू. आपले दोष एकेक करून मोठ्याने म्हणायचे, त्यात काय अवघड आहे. सव्वासातपर्यंत उभा होतो. एकही सुचला नाही.